पाण्याला उशीर लावणारी बाग

जुलै महिन्यात एके दिवशी प्रयोगवह्या तपासत असताना एका विद्यार्थ्याची वही हाती आली. तिची पाने फुगून एकमेकांना चिकटली होती आणि लंबकाच्या प्रयोगाचा आलेख निळ्या डागात विरून गेला होता. "वही पावसात उघडी नेलीस की काय?" असे मी विचारले. तो म्हणाला, "नाही सर, वही घरातच होती. पाणीच घरात आले."

हा मुलगा उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. पुढे तो म्हणाला, "सर, पाऊस अगदी जोरात होता तेव्हा पाणी उंबऱ्याच्या बाहेरच होते. आम्हाला वाटले, आता पाऊस कमी झाला, सुटलो. आणि तेवढ्यात पाणी आत शिरले. असे उलटे कसे होते?"

वही बिघडली म्हणून त्याचे गुण कापण्याचा प्रश्नच नव्हता. उलट, त्याने विचारलेल्या प्रश्नालाच गुण द्यावेत असे मला वाटले. विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर आपण नीट समजून घेतले, तर आपल्या गल्लीजवळची एखादी साधी बाग या पाण्याच्या बाबतीत काय करू शकेल, आणि काय करू शकणार नाही, हेही आपल्याला कळेल.

पाऊस आधी, पाणी मागून

नळाखाली एक बादली ठेवली आहे आणि तिच्या तळाला लहानसे भोक आहे, अशी कल्पना करा. नळ जोरात सोडला की येणारे पाणी भोकातून जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणून बादलीतील पातळी चढते. आता नळ थोडा कमी करा. पातळी लगेच उतरू लागेल का? नाही. येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा अजूनही जास्त असेल, तर पातळी चढतच राहील; फक्त तिचा चढण्याचा वेग मंदावेल. येणारे पाणी आणि जाणारे पाणी ज्या क्षणी सारखे होते, त्या क्षणी पातळी सर्वांत उंच असते.

गल्ली ही अशीच एक बादली आहे आणि कडेचे गटार हे तिचे भोक आहे. पाऊस ओसरू लागला तरी गटारात मावेल त्यापेक्षा जास्त पाणी काही काळ येतच राहते. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. छपरावर पडलेले पाणी पन्हळीतून खाली येते, गल्लीतून वाहते, मग मोठ्या रस्त्यावरून सखल भागाकडे धावते. या प्रवासाला वेळ लागतो. म्हणजे तुमच्या दारात आता जे पाणी आले आहे, ते काही मिनिटांपूर्वी दूर कुठेतरी पडलेल्या सरीचे आहे. पाऊस आधी आणि पाणी मागून, ते यामुळेच.

या बादलीवर उपाय दोन. एक तर भोक मोठे करायचे, म्हणजे गटारे रुंद आणि खोल करायची. हे करावे लागतेच. पण दाट वस्तीत त्याला जागा नसते, आणि वरचे पाणी झटपट खाली पाठवले की खालच्या वस्तीची बादली लवकर भरते. दुसरा उपाय नळ बारीक करण्याचा. आकाशातला नळ आपल्या हाती नाही. परंतु जमिनीवर पडलेले पाणी गटारापर्यंत किती वेगाने पोहोचावे, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

खाचरांचा मुलूख

हा दुसरा उपाय आपल्या मुलखाला नवा नाही. उल्हास नदीच्या खोऱ्यातून पावसाळ्यात आगगाडीने जाताना बदलापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसतात. प्रत्येक खाचराला मातीचा बुटका बांध असतो. पाऊस पडला की खाचरात वीतभर पाणी उभे राहते; बांधाला पाडलेल्या अरुंद वाटेने जास्तीचे पाणी खालच्या खाचरात उतरते, तिथून त्याच्या खालच्या. शेतकरी हे भातासाठी करतो, पण त्याच्या नकळत आणखी एक काम होऊन जाते. टेकडीवरून निघालेले पाणी नदीला मिळण्यापूर्वी शेकडो ठिकाणी थांबते. नदीला ते एकदम न मिळता सावकाश मिळते.

उल्हासनगरचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. १९४७ साली फाळणी झाल्यावर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसवली गेली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे भाग म्हणून 'कॅम्प' हा शब्द आजही पत्त्यांत टिकून आहे. पुढे वस्ती वाढली, व्यापार वाढला, आणि मोकळ्या जागा भरत गेल्या. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५ लाख ६ हजारांच्या वर होती, आणि शहराचे क्षेत्रफळ मात्र सुमारे १३ चौरस किलोमीटर. जिथे माती होती तिथे आता सिमेंट, डांबर आणि फरशी आहे.

शहराच्या पाण्याचा भार वाहणारी मुख्य वाट म्हणजे वालधुनी नदी. ती अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, इ.स. १०६० च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेल्या तिथल्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणला उल्हास नदीला मिळते. तिथे खाडीच्या भरतीचा परिणाम असतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर बादलीचे भोक खालूनच दाबले जाते. अशा वेळी वरून येणारे पाणी तासभर जरी उशिरा आले, तरी त्या उशिराचे मोल मोठे असते.

एका सरीचा हिशेब

आता आपण आकडेमोड करू. एक चौरस मीटर जागेवर १ मि.मी. पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. (पडताळून पाहा: १०० सें.मी. × १०० सें.मी. × ०.१ सें.मी. = १००० घन सें.मी.) एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की पुढचा सारा हिशेब तोंडी करता येतो.

कॅम्प २ मध्ये एक एकराची, म्हणजे ढोबळमानाने ४००० चौ.मी.ची बाग आहे असे धरू. तिच्याभोवतीच्या ८००० चौ.मी. जागेतील छपरांचे आणि गल्ल्यांचे पाणी बागेच्या बाजूला उतरते असेही धरू. पाऊस किती धरायचा? मुंबईतील पर्जन्यजल वाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मि.मी. पाऊस गृहीत धरून होती. १९९३ साली तयार झालेल्या 'ब्रिमस्टोवॅड' आराखड्यात तो तासाला ५० मि.मी. धरला गेला. आपणही एका तासात ५० मि.मी. पडणारी सर घेऊ.

भोवतालच्या जागेवर पडलेले पाणी: ८००० × ५० = ४ लाख लिटर. छपरे आणि रस्ते ओले होण्यात, लहान खळग्यांत थोडे अडकते. उरलेले ९० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार लिटर वाहून निघते. तासाचे सेकंद ३६००. तेव्हा सरासरी प्रवाह झाला सेकंदाला १०० लिटर! दर सेकंदाला पाच-सहा मोठ्या बादल्या गटारात ओतत राहावे, तसे हे आहे.

बागेवर स्वतःचे २ लाख लिटर पाणी पडते. बागेत गवत आणि भुसभुशीत माती असेल, तर त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे ४० हजार लिटर वाहून येते असे धरू. परंतु सुशोभीकरणाच्या नावाखाली सर्वत्र पेव्हर ब्लॉक बसवले असतील आणि त्यांखाली सिमेंटचा थर असेल, तर हाच आकडा १ लाख ८० हजारांवर जातो. म्हणजे फरसबंद बाग ही पाण्याच्या दृष्टीने बाग राहत नाही, ती जमिनीवर आडवे पडलेले छप्पर होते.

गवताची बाग धरली तर एकूण पाणी झाले ३,६०,००० + ४०,००० = ४ लाख लिटर, म्हणजेच ४०० घनमीटर. प्रश्न असा, की हे सगळे पाणी बागेत तात्पुरते मावेल का?

बागेच्या पोटात काय असावे

बागेचा एक चतुर्थांश भाग, १००० चौ.मी., भोवतालच्या जमिनीपेक्षा २० सें.मी. खोल करू. हे आपले खाचर. कडा एकदम तुटलेल्या नकोत. बशीसारखा हळूहळू उतार हवा. या खाचरात १००० × ०.२ = २०० घनमीटर पाणी राहते.

खाचराच्या तळाशी सुमारे ४० सें.मी. जाडीचा रेतीमिश्रित मातीचा थर, आणि त्याखाली अर्धा मीटर जाडीचा धुतलेल्या खडीचा थर. खडी घट्ट दिसली तरी तिच्या दाण्यांमध्ये पुष्कळ पोकळी असते. ही पोकळी साधारण ४० टक्के धरली, तर १००० × ०.५ × ०.४ = २०० घनमीटर पाणी खडीच्या पोटात राहील. वरचे २०० आणि खालचे २०० मिळून ४०० घनमीटर. आपली सर बरोबर मावली! मधल्या मातीच्या थरातून तासाला २० सें.मी. पाणी खाली उतरले, तर वरचे खाचर भरत असतानाच खालची खडीही भरत जाते. म्हणून या थरात चिकणमाती चालत नाही, रेती जास्त लागते.

पण साठवून पुरत नाही. पुढची सर येण्यापूर्वी बाग पुन्हा रिकामी व्हायला हवी. यासाठी खडीच्या तळाशी सच्छिद्र नळ घालतात आणि त्याच्या तोंडाशी मुद्दाम लहान भोक ठेवतात. भोक किती मोठे? इथे सतराव्या शतकातील इटालियन शास्त्रज्ञ टॉरिसेली मदतीला येतो. भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा त्याचा नियम. उंची चौपट झाली तर वेग दुप्पट होतो. हा नियम वापरून हिशेब केला, तर ४०० घनमीटर पाणी साधारण २४ तासांत बाहेर सोडण्यासाठी केवळ साडेसहा सेंटिमीटर व्यासाचे भोक पुरते. चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढे!

बाग काठोकाठ भरलेली असतानाही या भोकातून सेकंदाला सुमारे ९ लिटरच पाणी बाहेर पडते, आणि पातळी उतरेल तसे आणखी कमी. जिथे गटारावर सेकंदाला शंभराहून अधिक लिटरांचा लोंढा येणार होता, तिथे आता नऊ लिटरांची धार येते. पाणी एक थेंबही नाहीसे झालेले नाही. त्याला फक्त उशीर झाला आहे.

भोक मोठे केले तर? व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते, प्रवाह चौपट होतो आणि बाग सहा तासांतच रिकामी होते. पण मग गटारावरचा भारही चौपट. फार लहान केले तर दुसऱ्या दिवशीच्या पावसाला जागा उरत नाही. योग्य भोक निवडणे हीच येथील खरी कला. नाला तुडुंब असताना त्याचे पाणी उलटे बागेत शिरू नये म्हणून नळाच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप लागते, आणि खाचर भरून वाहू लागले तर जास्तीचे पाणी सुरक्षित वाटेने नाल्यात जावे म्हणून, धरणाला असतो तसा, एक छोटा सांडवाही लागतो.

जमीन किती पाणी पिते?

"एवढी खटपट कशाला? खड्डा केला की पाणी आपोआप जमिनीत मुरेल," असे कोणी म्हणेल. ही गोष्ट जमिनीलाच विचारायला हवी. फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्याने रेतीच्या स्तंभातून पाणी सोडून प्रयोग केले आणि १८५६ साली आपला नियम प्रसिद्ध केला. थरातून झिरपणारे पाणी दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाण्याच्या पातळीतील उतार आणि त्या थराची झिरपू देण्याची क्षमता. रेती आणि चिकणमाती यांच्या या क्षमतेत हजारो पटींचा फरक असतो.

आपल्या पायाखाली सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्यावर मुरूम आणि मातीचा थर कुठे जाड, कुठे अगदी पातळ. खडकाला भेगा असतील तिथे पाणी मुरते, नाही तिथे थबकते. समजा, तळाची जमीन तासाला ५ मि.मी. पाणी पिते. मग १००० चौ.मी. तळातून तासाला ५ घनमीटर पाणी मुरेल, आणि ४०० घनमीटर मुरायला ८० तास लागतील. जुलैमध्ये तीन दिवसांहून जास्त थांबायला पाऊस तयार नसतो! शिवाय पावसाळ्याच्या मध्याला भूजलाची पातळीच वर आलेली असते. भिजलेल्या पंचाला आणखी पाणी टिपायला सांगण्यासारखे ते होते. म्हणून कोकणपट्टीत नुसत्या शोषखड्ड्यावर विसंबून चालत नाही, निचऱ्याचा नळ लागतो. मुरेल तेवढे पाणी मुरू द्यावे आणि उरलेले सावकाश सोडावे.

जवळची आणि दूरची उदाहरणे

मुंबईत दादर-परळमधील हिंदमाता हा भाग बशीसारखा खोलगट आहे आणि तिथे पाणी तुंबणे हे पिढ्यानपिढ्यांचे दुखणे. मुंबई महापालिकेने तिथून जवळच्या प्रमोद महाजन कला पार्क या बागेच्या आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाच्या पोटात मोठ्या टाक्या बांधल्या. दोन्हींची मिळून क्षमता दोन कोटी लिटरांहून अधिक आहे. मुसळधार पावसात रस्त्यावरचे पाणी पंपांनी या टाक्यांत न्यायचे, आणि पाऊस व भरती ओसरल्यावर बाहेर सोडायचे, अशी ही योजना. वर बाग, खाली टाकी. तत्त्व आपल्याच खाचराचे. मात्र इथे पंप आणि वीज लागते.

बँकॉक हेही मुंबईसारखेच सखल, पावसाचे आणि खाडीकाठचे शहर. तिथे चुलालाँगकर्न विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त २०१७ साली ११ एकरांची बाग खुली झाली. कोचाकोर्न वोराखोम या भूदृश्य रचनाकार बाईंनी ती आखली आहे. संपूर्ण बाग एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला सखल आहे. उंच टोकावरचे पाणी पाणवनस्पतींच्या टप्प्यांतून गाळत गाळत खालच्या तळ्यात उतरते. या बागेत सुमारे ३८ लाख लिटर पाणी राहते. ११ ने भागून पाहा: एकरी साधारण साडेतीन लाख लिटर. आपण कागदावर काढलेला एकरी ४ लाखांचा आकडा हवेतला नाही, हे यावरून दिसेल.

बाग काय करू शकत नाही

शास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या उपायाची मर्यादाही त्याच पेन्सिलीने मांडली पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्या पुरात कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सारा पट्टा सापडला होता. तसा पाऊस आपल्या १२,००० चौ.मी.वर पडला, तर ते पाणी ११,००० घनमीटरांहून अधिक होते. त्यापैकी बागेत मावणार ४००, म्हणजे शंभरात साडेतीन. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढले आणि शेकडो प्रवाशांना होड्यांतून सोडवावे लागले. असा नदीचा पूर कोणत्याही बागेने थांबणार नाही. त्यासाठी नदीचे पात्र मोकळे ठेवणे आणि पूररेषेत घरे न बांधणे, याला पर्याय नाही.

आणखी एक भागाकार करा. आपली बाग १२,००० चौ.मी. जागेचे पाणी सांभाळते. शहर १३ चौरस किलोमीटर, म्हणजे १ कोटी ३० लाख चौ.मी. अशा जवळजवळ अकराशे बागा लागतील! तेवढी जागा कुठून आणणार? म्हणून शाळांची मैदाने, गृहसंकुलांची आवारे, रस्त्याच्या कडेची झाडांची आळी, छपराखालच्या टाक्या, या सर्वांनी थोडा थोडा वाटा उचलायचा. खाचरेही एक नव्हती, शेकडो होती. म्हणूनच त्यांचा गुण येत असे.

मात्र वर्षात अनेकदा येणाऱ्या, तासभर कोसळून जाणाऱ्या सरी बागेच्या आवाक्यातल्या आहेत. घराघरांत पाणी शिरते ते पुष्कळदा अशाच सरींत.

तीन शत्रू: डास, गाळ आणि सांडपाणी

पाणी साठवायचे म्हटले की शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो डासांचा, आणि तो रास्त आहे. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आपल्या खाचरातील वरचे पाणी काही तासांत मातीत उतरते आणि खडीही दिवसभरात रिकामी होते. म्हणून डासांना तिथे वाढायला वेळच मिळत नाही. पण हे कधीपर्यंत? निचरा चालू आहे तोपर्यंत. दोन दिवसांनंतरही पाणी दिसले, तर काहीतरी तुंबले आहे असे समजावे.

तुंबवणारा शत्रू म्हणजे गाळ. रस्त्यावरची धूळ, पिशव्या, सुकलेली पाने पाण्याबरोबर येतात आणि रेतीची छिद्रे बुजवतात. तेव्हा पाणी खाचरात येण्यापूर्वी जाळी आणि गाळ बसण्याचा छोटा हौद हवा, आणि तो मे महिन्यात, तसेच पावसाळ्यात दर काही दिवसांनी, उपसायला हवा. ज्या बागेच्या अंदाजपत्रकात बांधकामाला पैसे आहेत आणि सफाईला नाहीत, तिचे खाचर दोन-तीन पावसाळ्यांत डबके होईल.

तिसरा शत्रू सर्वांत वाईट. आपल्याकडे पावसाच्या गटारांतून सांडपाणीही वाहते. ते बागेत घेतले, तर मुलांच्या खेळाच्या जागी रोग येतील. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, हे विसरू नये. म्हणून बागेत प्रथम छपरांचे पाणी घ्यावे. रस्त्याचे पाणी घ्यायचे तर तिथे सांडपाणी मिसळत नाही याची खात्री करून, गाळूनच घ्यावे. कूपनलिकेत थेट तर ते कधीच सोडू नये, कारण माती जे गाळण्याचे काम करते, तेच त्यात टळते.

खाचरात लावायची झाडे अशी हवीत की जी चार महिने ओल आणि आठ महिने कोरड सोसतील. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती मोकळी ठेवतात. कर्दळ दिसायलाही सुरेख. लव्हाळा पाण्याच्या लोंढ्यात आडवा होतो आणि पाणी ओसरले की पुन्हा उभा राहतो. कडेला जांभूळ, अर्जुन, करंज. जुन्या झाडांच्या मुळांच्या घेरात मात्र खणू नये. आणि मुले खेळणार कुठे? खाचराच्या अर्ध्या भागात नुसते गवत ठेवले, तर ऑक्टोबर ते मे ते क्रिकेटचे मैदान, आणि बशीचा उतार ही बसायची जागा.

करून पाहा

१. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर, झाडाच्या किंवा छपराच्या आड येणार नाही असा ठेवा. पाऊस चालू असताना दर दहा मिनिटांनी त्यातील पाण्याची उंची मि.मी. मध्ये नोंदवा. (वीज कडाडत असेल तर बाहेर पडू नका.)

२. फाटकाच्या खांबावर किंवा भिंतीवर जमिनीपासून दर ५ सें.मी.वर रंगाच्या खुणा करा. गल्लीत पाणी साचले की ते कोणत्या खुणेपर्यंत आले आणि किती वाजता, हे खिडकीतूनच टिपा. वाहत्या पाण्यात उतरू नका.

३. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. पावसाचे शिखर आणि पाण्याचे शिखर यांतील अंतर किती मिनिटांचे आहे ते मोजा.

४. शाळेच्या आवारात, शिक्षकांच्या परवानगीने, ३० सें.मी. रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणा. दोनदा पाणी भरून मुरू द्या. तिसऱ्यांदा भरल्यावर पातळी दर दहा मिनिटांनी किती उतरते ते मोजा आणि तासाला किती मि.मी. होते ते काढा. खड्ड्याच्या बाजूंतूनही पाणी मुरते, म्हणून हा वेग जमिनीच्या खऱ्या वेगापेक्षा जास्त येईल. पण तुलना करायला तो पुरतो. हाच प्रयोग मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये करा. उत्तरे वेगळी का आली, यावर वर्गात चर्चा करा.

शिक्षकांना एक विनंती. अशा नोंदी दोन-तीन पावसाळे साठल्या, तर कोणत्या गल्लीत किती पाणी, किती वेळाने येते याचा तक्ता शाळेपाशी तयार होईल. बागेच्या नूतनीकरणाचा विषय निघेल तेव्हा "इथे फरशी नको, खाचर हवे" हे सांगायला या तक्त्यासारखा दुसरा साक्षीदार मिळणार नाही.

त्या विद्यार्थ्याने वही पुन्हा लिहून आणली, तेव्हा लंबकाच्या प्रयोगानंतर एक जास्तीचा आलेख होता. पुढच्या एका सरीचा. पाऊस सर्वांत जोरात होता ४ वाजून १० मिनिटांनी, आणि पाणी सर्वांत वर आले ४ वाजून ३५ मिनिटांनी. या वेळी वह्या भिजल्या नव्हत्या. पंचवीस मिनिटे मिळणार हे ठाऊक असल्यामुळे घरच्यांनी जमिनीवरचे सगळे सामान वरच्या फळीवर ठेवले होते.